शंभर वाव

आपला दोर संपला की तिथेच समुद्राचा तळ आला, असं लिहून मोकळी होणारी माणसं असतात. ती स्वतः बुडत नाहीत. बुडतात ते त्यांच्या लिहिण्यावर विसंबलेले. ही गोष्ट खरं तर त्या माणसांसाठी आहे. पण ती ऐकायला थांबत नाहीत, म्हणून लहानथोरांनो, तुम्ही ऐका.

ज्या काळाची वर्षं कुणी मोजली नाहीत, अशा एका काळी समुद्राकाठी एक राज्य होतं. तिथल्या दरबारात भिंतभर नकाशा होता, आणि राजाला नकाशात कोरी जागा मुळीच खपत नसे. म्हणून मोजणीदारांनी एक पद्धत पाडली होती. समुद्र मोजायचा दोर शंभर वाव लांब. एक वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की होतं तेवढं अंतर. दोर तळाला टेकला तर तो आकडा लिहायचा, नाही टेकला तर शंभर लिहायचं. तीन पिढ्यांत नकाशावरचा अख्खा महासागर परातीसारखा सपाट झाला.

एके दिवशी राजाने मिशीला पीळ दिला. "शंभर वावच ना? मग भराव घालू. दूरच्या बेटापर्यंत दगडी वाट बांधू!"

दगड कुठले? तर कोळ्यांच्या गावामागचा डोंगर फोडायचा. त्याच डोंगराचं शिखर बघत होड्या घरी परतत. ते गेलं, तर खुल्या पाण्यात घराची दिशा सांगणारं दुसरं काही नव्हतं. गाव रडलं, पाया पडलं. राजा म्हणाला, "पुढच्या दसऱ्याला पहिली पहार."

वाटेच्या खुणा ठरवायला मोजणीदार निघाला. तरुण होता, हुशार होता, आणि आजोबांपासून चालत आलेल्या पदाचा त्याला भारी तोरा होता. सुकाणूवर कोळ्यांच्याच गावचा म्हातारा तांडेल होता.

दोराच्या टोकाला शिशाचा गोळा असे. गोळ्याच्या बुडाशी मऊ मेण भरलेलं, म्हणजे तळाचं काहीतरी चिकटून वर येई. पहिल्या दिवशी वाळू आली, वीस वाव. दुसऱ्या दिवशी शिंपल्यांचा चुरा, चाळीस. तिसऱ्या दिवशी चिखल, साठ. तळ शेतासारखा हळूहळू उतरत होता.

चौथ्या दिवशी हिरवं पाणी अचानक गर्द निळं झालं. दोर सरसर सुटला आणि संपला.

मोजणीदाराने लेखणी उचलली. "शंभर."

तांडेलाने गोळा वर ओढून उलटा धरला. "मेण कोरं आहे, राव."

"शंभर लिहायची पद्धत आहे, तांडेल."

"पद्धत तुमची. तळ समुद्राचा. तुमच्या आजोबांनीसुद्धा इथेच शंभर लिहिलं होतं. सुकाणूवर माझा आजा होता. मरेपर्यंत एकच सांगायचा, मेण कोरं होतं."

मोजणीदाराचं तोंड लाल झालं. रागारागाने त्याने नांगराचा दोर जोडला, शिडाचे दोर जोडले, शेवटी स्वतःचं उपरणंही बांधलं.

"आता धोतर राहिलंय," तांडेल म्हणाला.

मेण कोरंच आलं. पण मोजणीदार आता गोळ्याकडे बघतच नव्हता. दोर हातात असताना त्याला कळलं होतं, वरचं पाणी होडीला उत्तरेकडे नेतंय आणि खालचं पाणी दोराला दक्षिणेकडे ओढतंय. एका समुद्राच्या पोटात दुसरी नदी वाहत होती. त्याने लेखणी खाली ठेवली.

परतल्यावर तो दोर वळणाऱ्या म्हातारीकडे गेला. त्याच्या आजोबांचा दोरही तिच्याच आईने वळला होता. "आजी, अडीच हजार वाव दोर हवा."

म्हातारीने त्याच्याकडे टक लावून पाहिलं. "आजवर कुणी मागितला नव्हता," ती म्हणाली आणि कामाला लागली. डोंगर वाचावा म्हणून अख्ख्या गावाने तीन महिने काथ्या वळला.

पुन्हा त्या निळ्या पाण्यात दोर सोडला. सकाळी सुटलेला दोर दुपारी टेकला. दोन हजार शंभर वाव! वर ओढेपर्यंत संध्याकाळ झाली. मेणाला पिठासारखा बारीक राखाडी गाळ चिकटला होता. अंगावर अजून उतरतं ऊन होतं, आणि गाळ मात्र बोटं बधिर होतील इतका गार. सूर्याने तो कधी पाहिलाच नव्हता. मोजणीदाराने तो कपाळाला लावला.

आठ दिवसांनी दोर नऊशेवरच थांबला. मेणात काळ्या दगडाची कच होती. मग पाचशे, मग दोनशे. पाण्याखाली डोंगरांची रांग होती, कुणी न पाहिलेली, कुणी नाव न दिलेली. आणि राजाचं ते बेट म्हणजे त्याच रांगेतलं एक शिखर, श्वास घ्यायला मान वर काढलेलं!

बेटाच्या पलीकडे अडीच हजार वाव दोरही संपला. मेण कोरं आलं. तांडेलाने होडी घराकडे वळवली.

दरबारात राजा कडाडला, "तुझ्या आजोबाने शंभर लिहिलंय. मग खोटारडा कोण? तो की तू?"

मोजणीदार एक पाऊल पुढे आला. "आजोबांचा दोर शंभर वाव होता, महाराज. त्यांनी दोराची लांबी लिहिली. समुद्राची खोली कुणी लिहिलीच नाही. एक डोंगर काय, सगळं राज्य उचलून टाकलं तरी ती वाट पाण्यावर दिसणार नाही." आणि त्याने मडक्यात जपून आणलेला तळाचा गाळ पुढे केला.

राजाने त्यात बोट घातलं. ज्या जागी कुणी राजा कधी पोचला नव्हता, तिथली माती त्याच्या बोटावर होती. त्याने ती अंगठ्याने चोळून पाहिली. मग हळूच म्हणाला, "डोंगर राहू द्या."

दसरा आला, पहार पडली नाही. होड्या शिखर बघून घरी आल्या. नव्या नकाशात बेटापलीकडे पहिल्यांदाच मोठी कोरी जागा राहिली, आणि तिच्यात दोनच शब्द होते.

मोजणीदाराने तो नकाशा म्हातारीला दाखवला. तिला वाचता येत नव्हतं. "इथे काय लिहिलंस रे?"

"दोर संपला."

म्हातारी बोळक्या तोंडाने हसली आणि तिने पुढचा काथ्या हातात घेतला. "बरं केलंस. दोर संपला तर दोर संपला म्हणावं, बाळा. समुद्र संपला म्हणू नये."