गुळाला चटावलेला ओढा

एकदा काय झालं, एका ओढ्याला गुळाचा वास आला. हसू नका रे! ओढ्यालाही नाक असतं. त्या गावात शिदूतात्या नावाचा गुळव्या होता. टेकाडाच्या पायथ्याशी त्याचं गुऱ्हाळ, आणि गुऱ्हाळात भली मोठी काहील, दहा माणसं बसतील एवढी. तिच्यात उसाचा रस उकळायचा आणि वास थेट डोंगरापर्यंत जायचा. दिवस थंडीचे. ओढा आपला करंगळीएवढा. पण एका सकाळी डोंगरावर अवचित ढगफुटी झाली. ओढ्याच्या अंगात बळ आलं, आणि पात्र सोडून तो निघाला गुळाकडे!

मग काय विचारता! वाट बुडाली, शेतं बुडाली. गाव पळालं टेकाडावर. पण तात्याची लेक सगुणा, दहा दिवसांची बाळंतीण, पलीकडच्या मळ्यात अडकली. बाळाला छातीशी धरून बिचारी छपरावर चढून बसली. पाणी वळचणीला लागलं.

तात्याचा जीव कासावीस झाला. मग त्यानं विहिरीचा नाडा फेकला. तो अर्ध्यातच संपला. मग म्हैस घातली पाण्यात. ती चार पावलं गेली आणि तोंड फिरवून परत आली. शहाणी होती हो! मग तात्यानं रस दिला ओतून आणि काहीलच लोटली पाण्यात.

"अहो, ही ढेप घ्या," त्याची बायको रखमाकाकू म्हणाली. "लेक सकाळपासून उपाशी असेल माझी."

ढेप अजून गरम, मऊ होती. ती घेऊन तात्या काहिलीत बसला.

काहील गोल, बरं का. तिला ना पुढचं ना मागचं. नुसती गरगर, गरगर! तात्याला मळा दिसला, मग टेकाड दिसलं, मग पुन्हा मळा. पण जन्मभर रस ढवळलेला माणूस तो. लांब दांड्यानं पाणी असं ढवळलं, असं ढवळलं, की गिरक्या घेत का होईना, काहील छपराला लागली. सगुणा बाळाला घेऊन आत उतरली.

मग मधोमध आल्यावर ओढ्यानं काहील धरली. म्हणाला, "गूळ दे, नाहीतर काहील पालथी करतो."

"सगुणा, दोन घास तरी खा गं आधी," तात्या म्हणाला.

"मला काही नको तात्या, बाळाला काठाला न्या!"

"मग मेल्या, कर आ!" असं म्हणून तात्यानं अख्खी ढेप ओढ्याच्या तोंडात कोंबली. चिकटले ना दात! ओढा नुसता ऊं ऊं करतोय. तेवढ्यात काहील काठाला.

रखमाकाकूनं नातू उचलला. तात्या तर ढसाढसा रडला, सगळ्यांसमोर. आणि त्या एवढ्याशा जिवाला लागली भूक. त्यानं असा टाहो फोडला की बाई गं! ओढा दचकलाच. त्याला वाटलं, हा कोण आपल्याहून मोठा आला? मग मुकाट्यानं मागं सरकला आणि आपल्या पात्रात जाऊन आडवा झाला.

पुढं सगळी सुखात राहिली, म्हैससुद्धा. ओढा झोपला, बाळ दूध पिऊन झोपलं. आणि तुमचेच डोळे अजून टक्क उघडे? मिटा बघू.