लाल पाखरू

पूर्वी हिमालयाच्या पायथ्याशी भद्रवाट नगरात राजा जयंधर राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वाने तिथल्या थंडगार नदीत ठिपकेदार माशाचा जन्म घेतला होता, आणि देवदारांखालच्या डोहात तो आपल्या गोतावळ्यासह राहत असे.

राजाला गळाचा भारी नाद. त्या नदीत जाळे टाकायला बंदी होती, आणि गळाला गांडूळ लावणाऱ्यालाही लोक हलका समजत. काठी, घोड्याच्या केसांची दोरी, बारीक गळ आणि त्यावर पिसे व रेशीम गुंडाळून केलेले खोटे पाखरू, एवढीच सामग्री. ते पाखरू पाण्यावर अलगद उतरवायचे, मासा फसला की त्याच्याशी झुंजायचे, आणि दमलेला मासा पुन्हा नदीत सोडायचा. दोरी हवेत वळण घेऊन पसरली की जयंधर दरबार विसरून जाई. पाखरू मात्र तो स्वतःच बांधी, आपल्या निशाणाच्या लाल-सोनेरी रंगाचे.

त्या पाखराला डोहातला हा मोठा ठिपकेदार मासा काही तोंड लावीना. काठ्या सांभाळणारा सेवक नंदिक म्हणे, "म्हातारा झालाय तो, देवा. दिसत नसेल त्याला."

राजाला ते पटले होते. पण एका सकाळी माशाने लाल पाखराला वळसा घातला आणि शेजारीच तरंगणारा इवलासा राखी कीटक टिपला. पलीकडे पाणी भरणाऱ्या बाया तोंड फिरवून हसल्या.

राजाच्या मस्तकात तिडीक गेली. त्याने काठी दगडावर आपटली. वरच्या अंगाला बांध घालून नदी जुन्या पात्रात वळवा, डोह कोरडा पाडा, मग बघू हा किती दिवस मिजास करतो, असा हुकूम त्याने सोडला. नंदिक काही बोलू पाहत होता, पण राजाची नजर बघून आपटलेली काठी उचलायला वाकला.

दुपारपर्यंत पाणी गुडघ्याखाली आले. उथळात पिल्ले तडफडू लागली. खालच्या धारेत अजून वाट होती. बोधिसत्त्व तिथून निसटू शकला असता. पिल्लांना ती धार झेपणारी नव्हती. तो थांबला.

राजाने दुसरी काठी घेतली आणि रागाच्या भरात पाखरू पाण्यावर फटकन आपटले. मासा सावकाश वर आला, त्याने राजाकडे पाहिले आणि गळ तोंडात घेतला. दोरीला ओढ नाही, हिसका नाही. संध्याकाळी गाय गोठ्यात यावी तसा तो राजाच्या पायाशी आला.

राजा आणखीच भडकला. "झुंज तरी दे!"

"झुंज पाण्यात होते, महाराज," मासा म्हणाला. " पाणी तुम्ही काढून घेतलंत. आता मला न्या आणि नदी सोडा. तुमचा हट्ट माझ्याशी होता, या पिल्लांशी नव्हता."

"मग इतके दिवस का आला नाहीस?"

"या दिवसांत नदीवर राखी पाखरं उडतात. तुमचं लाल. ते तुम्ही माझ्यासाठी बांधलंच नव्हतं."

राजाचे कान तापले. तो नंदिककडे वळला. "तुला ठाऊक होतं?"

"होतं, देवा."

"मग बोलला का नाहीस?"

"गेल्या साली बोललो होतो," नंदिक ओठांवर हात ठेवून म्हणाला. "तेव्हापासून हे पुढचे दोन दात नाहीत."

राजाला आठवले. काठीची मूठ, आणि वाळूवर सांडलेले रक्त. एवढा राग कशापायी आला होता, ते मात्र आठवेना.

बांध फोडा, असे तो ओरडला. गळ काढून त्याने मासा दोन्ही हातांत धरला, उरलेल्या पाण्यात त्याचे तोंड प्रवाहाकडे करून तो गुडघ्यांवर बसून राहिला. पाणी छातीपर्यंत चढले तेव्हा मासा हातातून गेला. भिजलेल्या राजाने रेशमाची गुंडी नंदिकपुढे धरली. "राखी पाखरू बांध," तो म्हणाला. "आणि चुकलो की बोल."

एवढे सांगून भिक्षूंच्या गुरूंनी, शास्त्यांनी, समोर पाहिले. अंगावर घ्यायचे चीवर सोबत्याने नीट वाळवले नाही म्हणून त्याला भिक्षापात्र फेकून मारणारा भिक्षू मान खाली घालून बसला होता. "तेव्हाचा राजा हा भिक्षू. नंदिक म्हणजे कपाळाला जखम होऊनही ज्याने तक्रार केली नाही तो याचा सोबती. आणि तो मासा मी होतो."

दुसऱ्याचा राग पोटात घालून त्याला शांतपणे खरे सांगणे, ही बोधिसत्त्वाची क्षांती पारमिता, म्हणजे सहनशीलतेची पराकाष्ठा.