दादासाहेबांचा नगारा

बापूसाहेब खोत कोंडगावच्या देवळाचे मुख्य विश्वस्त. ते एकदा नाही म्हणाले की त्यांच्याकडून हो म्हणवून घ्यायची कुणाची टाप नव्हती. उत्सवाच्या आदल्या दिवशी गावातलीच शर्वाणी भजनाच्या तालमीला लॅपटॉप आणि सिंथेसायझर घेऊन आली, तेव्हा ते वाटेतच उभे राहिले.

"देवापुढे हाताने वाजवलेलंच चालतं. विजेचं यंत्र इथे वाजणार नाही."

शर्वाणीने वाकून नमस्कार केला. "मी तर तुमचे आभार मानायला आले होते, बापूसाहेब. लहानपणापासून ज्या ठेक्यावर आरतीला टाळ्या वाजवल्या, तोच भजनाला घेतलाय."

तिने लॅपटॉपचं बटण दाबलं. धडाम धडाम, टण.

सगळ्यांच्या माना कोपऱ्याकडे वळल्या. आरतीला वाजवायला माणसं मिळेनात, म्हणून बापूसाहेबांनीच तिथे विजेवर चालणारा नगारा बसवला होता. त्यावर पाटी होती : कै. दादासाहेब खोत यांच्या स्मरणार्थ, मुलाकडून.

"माणसांनी आरत्या चुकवल्या, पण याने एकही चुकवली नाही," शर्वाणी म्हणाली. "विजेवर वाजवलेलंही देव ऐकतो, हे मी तुमच्याकडूनच शिकले."

बापूसाहेबांनी पाटीकडे पाहिलं. मग ते खाली बसले आणि त्यांनी टाळ हातात घेतले.

"दादांचा नगारा जरा मोठ्याने लाव," ते म्हणाले.