साडूपेक्षा एक ढेप जास्त

गोष्टी सांगायची मला हौस नाही. दुपारचा निवांत पडलो होतो, तर उठवून पुढ्यात कागद ठेवला. म्हणे, चार शब्द बोधाचे लिहा. बोधाने सुधारलेला माणूस मी तरी अजून पाहिला नाही. पण लिहितो, म्हणजे एकदाची माझी सुटका होईल.

एका पेठेच्या गावी एकदा एक व्यापारी राहत होता. धन उदंड, अंगावर मांस मात्र नावाला नाही. त्याचा साडू त्याच गावचा, आणि चांगला धिप्पाड. गावची रीत अशी, की मुलाचं लग्न निर्विघ्न पार पडलं म्हणजे बापाने देवीपुढे तुळा करायची. एका पारड्यात आपण बसायचं, दुसऱ्यात गुळाच्या ढेपी ठेवायच्या. काटा बरोबर झाला की तो गूळ गावाला वाटायचा.

साडूच्या तुळेला नऊ ढेपी लागल्या. त्या दिवसापासून व्यापाऱ्याचं अन्न गोड लागेना. त्यात बायको ताट वाढता वाढता म्हणायची, "दाजींना नऊ लागल्या हो, नऊ!"

आता याच्याही मुलाचं लग्न झालं. याने दोन महिने तुपात थबथबलेला शिरा खाल्ला. वजन छटाकभर वाढलं नाही, पोट तेवढं बिघडलं. काटा धरायचा मान मठातल्या वृद्ध साधूचा. शेवटी तुळेच्या दिवशी तो त्याच्या कानाला लागला.

"बाबा, काहीही करा, पण दहा ढेपी लागल्या पाहिजेत. नाहीतर या गावात मला तोंड दाखवायला जागा नाही."

शेजारी उभा असलेला शिष्य चपापला. "बाबा, हे तर खोटं माप!"

"मागतायत ना? घाल दहा," साधू म्हणाला.

पाचव्या ढेपीला काटा बरोबर झाला. खरी तुळा तिथेच संपली होती. पण शिष्याने सहावी घातली, आणि व्यापाऱ्याचं पारडं वर निघालं. व्यापारी हरखला. सारा गाव मान वर करून त्याच्याकडे पाहत होता, साडूसुद्धा! सातवी, आठवी, नववी... दहावी पडली आणि त्याची पगडी वरच्या वाशाला जाऊन टेकली.

"दहा!" तो वरून ओरडला. "मोजल्या का सगळ्यांनी?"

"मोजल्या हो," साडू खालून म्हणाला. "आता वरून कौलं तेवढी शाकारून घ्या."

लोक हसले. व्यापाऱ्याने खाली पाहिलं. खाली दगडी फरशी. दोर करकरू लागले, त्याचे डोळे फिरू लागले.

"बाबा, उतरवा! वरच्या पाच ढेपी माझ्या दुकानात परत पाठवा, त्या नुसत्या दाखवायच्या होत्या."

"पारड्यात पडला तो गूळ देवीचा," साधू शांतपणे म्हणाला. "शेट, सारा जन्म तुम्ही तराजू धरलात. पारडं वर कुणाचं जातं? ज्यात कमी असतं त्याचं. गिऱ्हाइकापुढे हे तुम्हाला पक्कं ठाऊक असतं. स्वतः बसलात आणि विसरलात. जेवढं धन समोर रचलंत, तेवढा तुमचा कमीपणा गावाला दिसला. आम्ही काही केलं नाही. तुम्ही मागितलं ते घातलं."

वरून बारीक आवाज आला, "वाटा."

शिष्याने बत्त्याने ढेप फोडली आणि विचारलं, "बाबा, किती वाटू?"

"शेटचे पाय जमिनीला लागेपर्यंत."

दहावी गेली, नववी गेली. लोक पदर पसरत होते, व्यापारी इंचाइंचाने खाली येत होता. पाच उरल्या तेव्हा तो माणसांच्या डोळ्यांच्या पातळीला आला. सगळ्यांची तोंडं गुळाने चिकट. त्याच्या थट्टेची आठवण तिथे कुणालाच उरली नव्हती. तो स्वतःच म्हणाला, "थांबू नका. पाचवीही फोडा."

पाय टेकले. साडूने पुढे होऊन हात दिला आणि खेचून उभा केला.

"फार हलका लागतोय का हो मी?" व्यापाऱ्याने विचारलं.

"मघाशी होतात," साडू म्हणाला. "आता जरा भार जाणवतोय."

ज्याला वर चढल्यासारखं वाटतं, त्याने आपल्या समोरच्या पारड्यात काय रचलंय ते एकदा बघावं. बास, एवढाच बोध.

हीच गोष्ट मी एका सत्काराला सांगितली, तेव्हा हारतुरे घेतलेले गृहस्थ मला "अडाणी म्हातारा" म्हणून तरातरा निघून गेले. गोष्ट त्यांच्यावर नव्हती, आणि असली तरी त्याला मी काय करू? तातोबा वरुटे, तुमची माफी अजून यायची आहे.