म्हाताऱ्यासाठी ओतलेली घंटा

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा डोंगरांना पुरती उंची आली नव्हती आणि खोटं बोलणं माणसांना नुकतंच जमू लागलं होतं. मी मात्र खरं तेच सांगतो.

एका खेड्यात एक म्हातारा ओतारी राहायचा. कासं वितळवून घंटा ओतायचा. त्याच्या घंटेचा नाद इतका लांबायचा, की सकाळी टोला दिला तर संध्याकाळी गुरं त्याच नादामागून घरी यायची. एका पोरक्या पोराला त्यानं जवळ केलं, आपली सगळी विद्या दिली. एकच गोष्ट पोराला जमेना. टोला दिल्यावर नाद विरेपर्यंत थांबणं.

"अरे, ऐक की जरा," म्हातारा म्हणायचा. "ती बोलतेय अजून. बोलणाऱ्याला मध्येच तोडू नये."

"ऐकली की, बाबा! चला, पुढची ओतू."

पोरगा मोठा झाला, राजधानीला निघाला. म्हाताऱ्याच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाला, "माझी पहिली घंटा तुम्हालाच ऐकवीन."

पहिली घंटा झाली. चांगली झाली. पण एवढीशी घंटा घेऊन बाबांपुढे कसं जायचं? याहून मोठी करू. ती झाली, तर तिच्याहून मोठी. लोक डोळे मिटून नाद ऐकायचे, आणि हा तो विरायच्या आत पुढच्या साच्याची माती मळायला बसलेला असायचा.

खेड्याहून एक कासारीण बांगड्या विकायला यायची. तिची जीभ बांगड्यांहून जास्त वाजायची. एकदा म्हणाली, "काय रे मोठ्या माणसा, तुझ्या म्हाताऱ्याला ऐकू कमी येतंय हो. त्यानं सांगितलंय, शेळीच्या गळ्यातली घंटी आणलीस तरी चालेल. पण लवकर ये."

"मावशी, बाबांनी मला काय शेळ्यांच्या घंट्या शिकवल्या? अशी घंटा आणतो म्हणावं, की अख्खा मुलूख त्यांचं नाव घेईल."

"मुलखाचं राहू दे. तू कधी घेणार?"

"ही घंटा झाली की."

कासारणीनं पेटारा डोक्यावर घेतला. "तोवर त्याचे कान पुरले म्हणजे झालं."

शेवटी ती घंटा झाली. केवढी होती म्हणून सांगू? ऊन टाळायला एक अख्खं वऱ्हाड तिच्या पोटात शिरलं, आणि पंगती उठवूनच बाहेर पडलं. हत्तींनी ओढत ओढत ती खेड्यात आणली.

हसा, हसून घ्या. पुढे हसण्यासारखं काही नाही.

म्हातारा ओट्यावर बसला होता. त्यानं शिष्याला ओळखलं, त्याचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं. मग घंटेकडे बघत राहिला. "देखणी आहे रे."

शिष्यानं सगळं बळ एकवटून टोला दिला. पाखरं उडून झाडं रिकामी झाली. विहिरींचं पाणी काठाला लागलं. जमीन थरथरली. आणि शिष्य आयुष्यात पहिल्यांदा नाद विरेपर्यंत थांबला.

म्हाताऱ्यानं पायाखाली बघितलं. "हत्ती बिचकले वाटतं," तो म्हणाला. मग जरा लाजत, मान पुढे करून म्हणाला, "वाजव ना आता. कधीचा बसलोय."

शिष्यानं पुन्हा वाजवली. पुन्हा वाजवली. मग कानाशी तोंड नेऊन ओरडला, "बाबा, माझ्याजवळ आहे ते सगळं तुम्ही दिलेलं आहे!"

न कळलेल्या बोलण्याला बहिरी माणसं हलवतात, तशी म्हाताऱ्यानं हसून मान हलवली. "हो, हो. वाजव."

थंडी सरायच्या आत म्हातारा गेला. त्याच ओट्यावर, घंटा वाजायची वाट बघत.

शिष्य राजधानीला परतला नाही. ओट्यावर बसून तो आपल्या घंटांचा नाद आठवू लागला. एकीचाही आठवेना. ऐकला होता कुठे? मग त्यानं बाबांच्या घंटेचा नाद आठवून पाहिला. टोला आठवला. पुढचं काहीच नाही.

म्हणून पोरांनो, आणि पोरांच्या आज्यांनो, आजोबांनो: ज्यानं शिकवलं त्याला त्याचे कान शाबूत आहेत तोवर सांगा, आणि आज वाजतंय ते विरेपर्यंत ऐका. उद्याची घंटा कितीही मोठी झाली, तरी गेलेल्या कानांपर्यंत पोचत नाही.