दमलेलं पितळ

फार फार जुनी गोष्ट. किती जुनी ते विचारू नका. बंदुका होत्या, म्हणजे देवादिकांच्या काळातली नव्हे एवढंच.

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. रानडुकरांपासून पीक राखायला गावाकडे दोन बंदुका होत्या, थोरली आणि धाकटी. थोरली चालवी गावच्या तांबटाचा भाऊ, धाकटी चालवी पाटील.

पितळ महाग. म्हणून उडालेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी कोणी टाकत नसे. तांबट ती साच्यात दाबून मापात आणी आणि नव्याने दारू-गोळी भरी. बार उडाला की पुंगळी फुगते आणि बंदुकीत ती जिथे बसते त्या घराएवढी होते. थोरलीचं घर सैल, धाकटीचं अरुंद. म्हणून तांबट दोघींच्या पुंगळ्या दोन टोपल्यांत ठेवी, दर वेळी साचा त्या-त्या बंदुकीच्या मापाला लावी आणि पुंगळी आपल्या घरात सरकेल एवढीच दाबी.

त्या वर्षी डुकरांनी उच्छाद मांडला. बार थांबेनात, टोपल्या सरेनात. तांबटाचे खांदे भरून आले, घास घ्यायला हात उचलेना. शेवटी वैतागून त्याने दोन्ही टोपल्या एकीत ओतल्या आणि साचा धाकटीच्या मापाला घट्ट आवळला.

"सब घोडे बारा टक्के!" तो म्हणाला. "अरुंद घरात जाईल ती सैल घरात जाणारच."

गेलीही. दमलेल्या माणसाला नावं कोण ठेवणार? तुम्ही-आम्हीही तेच केलं असतं. पण थोरलीच्या पुंगळ्यांचे हाल सुरू झाले. बंदुकीत फुगायचं, साच्यात पिचायचं, पुन्हा फुगायचं.

एकदा भाऊ एक पुंगळी घेऊन आला. "दादा, हिच्या बुडाशी रेघ दिसतीया. कशी चकाकतीया बघ."

"पितळ हाय, चकाकणारच."

"थोरलीत खुळखुळतीया पण."

"आत जाती न्हवं? मग झालं! जरा उसंत दे की माझ्या जिवाला."

भावाने त्याच्या ओढलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याला दया आली. "बरं," म्हणाला आणि ती भरून घेऊन गेला.

सांजेला डुक्कर थेट अंगावर आलं. भावाने चाप ओढला. पुंगळी त्या रेघेवरच फाटली आणि आग उलटी तोंडावर आली. डुक्कर शेतात घुसलं. भाऊ तोंड धरून खाली बसला. त्याचा एक डोळा कायमचा गेला.

तांबटाने थोरलीच्या घरात अडकलेला तुकडा काढला. रेघेपाशी पितळ कांद्याच्या सालीएवढं पातळ झालं होतं. तो ओक्साबोक्शी रडला. "माझ्या हातानं तुझा डोळा काढला रं!"

"तू दमला व्हतास, दादा," भाऊ म्हणाला. "ती पुंगळीबी दमली व्हती. तुझं दमणं मला दिसलं. तिचं तुला दिसलं न्हाई."

त्यानंतर टोपल्या पुन्हा दोन झाल्या. काम काही कमी झालं नाही. तांबट तरीही दमायचाच. पण शेजारी भाऊ बसायचा. वाकवलेली तार प्रत्येक पुंगळीत घालून आतून बूड चाचपायचा. पितळ झिजून पडलेल्या खाचेत तार अडखळली की ती पुंगळी बाजूला ठेवायचा. "हिला ऱ्हाऊ दे," म्हणायचा, "ही दमली."

बोध: बसण्यापुरतंच दाबावं, त्याहून जास्त दाबलेलं आज मुकाट बसतं आणि उद्या आपल्याच माणसाच्या तोंडावर फुटतं.