पुलावरचा पिंपळ

फार फार वर्षांपूर्वी एका नदीच्या दोन काठांवर दोन गावं होती. मधली नदी पावसाळ्यात कुणाचंच ऐकत नसे. म्हणून राजाने तिच्यावर दगडी कमानींचा पूल बांधला. राजाने बांधला असं म्हणायचं आपलं. दगड वाहिले गावकऱ्यांनी, आणि चुन्यात घालायला गूळ अन् बेलफळंही त्यांनीच दिली.

पूल झाला आणि गावांत सोयरिकी जुळल्या. या गावच्या लेकी त्या गावी नांदू लागल्या. दर वर्षी पावसाळा सरला की दोन्ही गावचे लोक मिळून पुलाची निंदणी करत. हसू नका, शेताची करतात तशीच! कमरेला दोर बांधून माणसं कमानींवर उतरत आणि दगडांच्या सांध्यांत उगवलेलं गवत, रोपं मुळासकट काढत. म्हणून तर पूल पिढ्यान् पिढ्या टिकला.

अलीकडच्या गावात साळू नावाची विधवा राहत होती. तिची एकुलती एक लेक मैना पलीकडच्या गावात दिली होती. लग्नाला बरीच वर्षं झाली, तरी मैनेची कूस उजवली नव्हती. सासरचे लोक आता दुसरी सून आणायची भाषा करू लागले होते. साळूच्या जिवाला घोर लागला.

एका निंदणीला साळूचा दीर मधल्या कमानीवर उतरला. दगडांच्या सांध्यात त्याला वीतभर रोप दिसलं. त्याने विळा उचलला, तशी वरून साळू ओरडली, "भावजी, थांबा! पिंपळ आहे तो!"

"वहिनी, मुळं दगड फोडतील. मी अलगद काढतो. काठावर लावू, पार बांधू. तिथं रोज पाणी घाला."

"देव आपण होऊन आला, त्याला उठवायचं? माझ्या मैनेसाठी आलाय तो. हात लावाल तर माझ्या गळ्याची शपथ आहे तुम्हाला."

दिराने इतरांकडे पाहिलं. त्यांनी माना खाली घातल्या. पिंपळ तोडल्याचं पाप कोण आपल्या डोक्यावर घेणार? दीर मुकाट्याने वर आला.

रोप कठड्याच्या वर आलं तेव्हा साळूने त्याला सूत गुंडाळलं. तिचं पाहून इतर बायकाही येऊ लागल्या. त्या कमानीची निंदणी बंद पडली. झाड फोफावलं, दगड सरकले, सांध्यांतून चुना गळू लागला. दीर म्हणे, "वहिनी, अजून वेळ गेलेली नाही." साळू म्हणे, "मैनेचं एकदा होऊ दे, मग बघू."

आणि खरंच मैनेला दिवस गेले! पिंपळ पावला म्हणून दोन्ही गावांत गूळ वाटला. आता तर त्याचं पानसुद्धा कोणी तोडेना.

सातव्या महिन्यात मैना बाळंतपणासाठी माहेरी निघाली. नदी दुथडी भरून वाहत होती. लेकीवरून ओवाळून टाकायला भाकरतुकडा घेऊन साळू पुलाच्या अलीकडच्या टोकाला उभी होती. बैलगाडी मधल्या कमानीवर आली. आईला पाहून मैनेने हात हलवला. तेवढ्यात झाडाजवळचा दगड निखळला. कमानीचं असंच असतं, एक गेला की बाकीचे कोणाच्या आधाराने उभे राहणार? कमान, पिंपळ, गाडी, सगळं पाण्यात गेलं. साळू किंचाळत धावली. दिराने धरलं नसतं तर तीही गेली असती.

मैना सापडली नाही.

पुढे एकदा साळू म्हणाली, "भावजी, तुम्ही मला काहीच का बोलत नाही? शिव्या द्या, पण बोला."

दिराच्या डोळ्यांत पाणी आलं. "कोणत्या तोंडाने बोलू, वहिनी? तुमची शपथ मी मोडायला हवी होती. तुम्ही जन्मभर माझं तोंड पाहिलं नसतं. पण पोर असती."

ती कमान पुन्हा कोणी बांधली नाही. पलीकडे दिलेल्या लेकी माहेराला पारख्या झाल्या आणि हळूहळू दोन्ही गावांतल्या सोयरिकीही थांबल्या.

म्हणून बाळांनो, आणि बाळांच्या आजोबांनो, ज्यावरून आपली माणसं चालतात त्याच्या फटीत देव जरी उगवला, तरी त्याला हात जोडून वेळेवर दुसरीकडे बसवावं.